ब्रिटनमध्ये मोटारसायकलवर फिरताय? या चुका टाळा

लँड्स एंड हे इंग्लंडचं नैऋत्य टोक आणि जॉन ओ'ग्रोट्स हे स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाजवळचं गाव. या दोन्हींमध्ये रस्त्याने 874 मैल, म्हणजे साधारण 1,400 किलोमीटर अंतर आहे. जवळपास मुंबई-दिल्ली एवढंच. हा आकडा पाहिला की लडाख करून आलेल्या माणसाला वाटतं, एवढासा देश, चार दिवसांत उरकून टाकू. बहुतेक चुकांची सुरुवात इथूनच होते. उंची, विरळ हवा, तुटलेले रस्ते यांची तयारी करून आलेल्या माणसाला इथे वेगळ्याच गोष्टी अडवतात: दिवसभर झिरपणारा पाऊस, रस्त्यावरचं मीठ, एका गाडीपुरते रस्ते आणि कागदपत्रं.

लायसन्सचे बारा महिने

भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये मोटारसायकल चालवता येते, पण 12 महिनेच. पाहुणे म्हणून आलात तर देशात आल्यापासून आणि राहायला आलात तर रहिवासी झाल्यापासून ते मोजले जातात. लायसन्सवर गिअरच्या दुचाकीचा उल्लेख हवा. फक्त चारचाकीचं असेल तर ते इथे चालणार नाही. सर्वांत जास्त लोक फसतात ते एका समजुतीने: मधे भारतात जाऊन आलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. रहिवाशांसाठी तसं होत नाही. भारतीय लायसन्स ब्रिटिश लायसन्सशी बदलूनही मिळत नाही. तेरावा महिना लागला की तुम्ही विनालायसन्स चालवत असता, आणि अशा वेळी अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातच प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स, सीबीटी नावाचं एका दिवसाचं प्राथमिक प्रशिक्षण, थिअरी आणि मग मॉड 1 व मॉड 2 या दोन चाचण्या अशी रांग लावून घ्या. चाचण्यांच्या तारखा मिळायला वेळ लागतो. वय 24 किंवा जास्त असेल तर थेट मोठ्या गाडीवर परीक्षा देता येते. 19 ते 23 वयाच्यांना ए2, म्हणजे 35 किलोवॉटपर्यंतची गाडी. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रायम्फच्या 400 सीसी गाड्या याच वर्गात बसतात, त्यामुळे ब्रिटनमधल्या नवशिक्यांना पुणे जिल्ह्यातली गाडी हाती लागणं आता नवलाचं राहिलेलं नाही.

नुसत्या सीबीटीवर चालवणाऱ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे फोनवरच्या नकाशाने थेट मोटरवेवर नेऊन सोडणं. एल-प्लेटवाल्याला, म्हणजे शिकाऊ चालकाला, मोटरवे बंद, डबलसीट बंद, गाडी 125 सीसी आणि 11 किलोवॉटच्या आत. नकाशात ‘मोटरवे टाळा’ हे निघण्यापूर्वीच चालू करा. आणि सीबीटी दोन वर्षांत संपतं, तेवढ्यात पूर्ण परीक्षा पास झाली नाही तर ते पुन्हा करावं लागतं.

पाट्या, दिवे आणि हॉर्न

सगळे वेग मैलांत असतात. पांढऱ्या गोलावर काळी तिरपी पट्टी दिसली की ‘मर्यादा संपली’ असं समजू नका. त्याचा अर्थ राष्ट्रीय मर्यादा लागू: साध्या दुतर्फी रस्त्यावर 60 मैल, मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर 70. ही पाटी अगदी गाडीभर रुंदीच्या डोंगरी रस्त्यावरही असते. तिथे 60 कायदेशीर आहे, शहाणपणाचं नाही. वस्तीत रस्त्यावर दिव्यांचे खांब असतील आणि दुसरी पाटी नसेल तर इंग्लंडमध्ये 30 धरा. वेल्समध्ये मात्र 17 सप्टेंबर 2023 पासून हीच मर्यादा 20 झाली आहे. इंग्लंडमधून वेल्समध्ये शिरताना हे विसरणारे खूप. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला ‘अराव्ह’ हा वेल्श शब्द म्हणजे ‘सावकाश’, आणि तो ज्या वळणाआधी लिहिलेला असतो ते वळण खरोखर वाटतं त्याहून आवळलेलं निघतं.

गाडीला पुढे नंबरप्लेट नसते, म्हणून कॅमेरे आपलं काय करणार, हा जुना समज. दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजणारी यंत्रणा मागची प्लेट वाचते. पर्थ ते इन्व्हर्नेस हा ए9 रस्ता 2014 पासून अशा कॅमेऱ्यांखाली आहे. मॅकल्सफील्ड ते बक्स्टन हा ‘कॅट अँड फिडल’ नावाने प्रसिद्ध असलेला वळणदार ए537 सुद्धा.

आता सवयींचं. आपल्याकडे समोरच्याने दिवा मारला की त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा नेमकं उलटं: ‘तू ये, मी थांबतो’. वाहतुकीच्या नियमावलीप्रमाणे त्याचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच, त्यामुळे दिव्याच्या भरवशावर गाडी पुढे घालू नका. पण तुम्ही स्वतः दिवा मारलात तर समोरचा निघून येईल हे लक्षात ठेवा. अरुंद पुलावर ही गफलत महागात पडते. हॉर्नचंही तसंच. वरंधा घाटात वळणावर हॉर्न वाजवणं हे सौजन्य. इथे तो वाजवला की समोरच्याला शिवी दिल्यासारखं वाटतं. अगदीच न दिसणाऱ्या वळणावर एक छोटा हॉर्न चालतो. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्नला मनाई आहे. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला मात्र मान किंचित तिरकी करून अभिवादन करायचं, हात सोडायचा नाही.

रांगेतल्या गाड्यांच्या मधून पुढे जाणं कायदेशीर आहे, मात्र वेग रांगेपेक्षा थोडाच जास्त ठेवा आणि चौकाजवळ थांबा. डावी-उजवीकडून कोणीतरी रांगेतून वाट काढत असतो. बसच्या लेनमध्ये शिरण्यापूर्वी पाटीवर मोटारसायकलचं चित्र आहे का ते बघा, गावागणिक नियम बदलतो. लंडनमध्ये कंजेशन चार्ज, म्हणजे शहराच्या मध्यभागी गाडी नेण्याचा आकार, मोटारसायकलला नाही, पण यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा आकार, आहे: धुराच्या युरो 3 या मानकाच्या आधीची, म्हणजे ढोबळमानाने जुलै 2007 पूर्वीची गाडी असेल तर दिवसाला 12.50 पौंड.

एका गाडीपुरता रस्ता: इथे कौशल्य नाही, संयम कमी पडतो

स्कॉटलंडचा उत्तर किनारा फिरवून आणणारा नॉर्थ कोस्ट 500 हा 516 मैलांचा फेरा इन्व्हर्नेसला सुरू होऊन तिथेच संपतो. 2015 पासून तो या नावाने ओळखला जातो आणि तेव्हापासून कॅम्परव्हॅनांची गर्दी वाढतच गेली आहे. त्यातला पश्चिमेचा बराच भाग सिंगल ट्रॅक, म्हणजे एकच गाडी मावेल असा आणि ठरावीक अंतरावर बाजू देण्यासाठी फुगवलेला.

अंतर मैलांत न मोजता तासांत मोजा. अशा रस्त्यावर थांबे धरून ताशी 30 मैल पडले तरी भरपूर. रोजचे 150 मैल धरले तर दिवस बरा जातो, 250 धरले तर सहाव्या तासाला माणूस दमतो आणि चुका सुरू होतात. पूर्ण फेऱ्याला पाच दिवसांपेक्षा कमी ठेवू नका.

बाजू देण्याच्या जागेचा नियम सोपा आहे आणि तरीही सर्वाधिक चुकतो. जागा तुमच्या डावीकडे असेल तर तिच्यात शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यात शिरू नका. तिच्या समोर, आपल्या डाव्या बाजूलाच थांबा आणि समोरच्याला त्या फुगवट्यातून वळसा घालू द्या. मोटारसायकल बारीक, म्हणून कडेने निसटून जाता येईल असं वाटतं. ती कड म्हणजे सुटलेली खडी, ओलं गवत किंवा डांबरापासून चार बोटं खाली गेलेली माती असते. पाय टेकवायला जावं तर जमीनच नाही, आणि भरलेली गाडी त्याच बाजूला आडवी.

मागून गाडी आली तर पुढच्या जागेत थांबून तिला जाऊ द्या. तो स्थानिक दुधवाला, डॉक्टर किंवा शाळेची बस असते, तुमच्यासारखा सुट्टीवर नसतो. फोटो काढायला या जागांमध्ये गाडी लावणं ही तर गावकऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार.

गटाने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अशा एका जागेत दोन, फार तर तीन मोटारसायकली मावतात. सहाजण एकामागोमाग निघाले की पहिले तिघे आत शिरतात, उरलेले तिघे रस्त्यातच उभे, समोर कॅम्परव्हॅन, मागे आणखी एक. कोणालाच हलता येत नाही. अशा रस्त्यावर दोन-दोनच्या जोड्या करा आणि जोड्यांमध्ये पाच-सात मिनिटांचं अंतर ठेवा.

ॲपलक्रॉसकडे जाणारा बेलाख-ना-बा घाट समुद्रसपाटीजवळून 626 मीटरवर चढतो, काही ठिकाणी चढ पाचास एक आहे. उंची आंबोलीच्या आसपास, पण रस्ता एका गाडीपुरता आणि हेअरपिन वळणं अतिशय आवळ. तिथे गाडी पडते ती वेगामुळे नाही, वेग संपल्यामुळे. वळणाच्या आतल्या बाजूला चढ सर्वांत तीव्र असतो. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये शिरलं, समोर गाडी दिसली, क्लच दाबला, की इंजिन बंद आणि डावा पाय हवेत. उपाय असा: वळणाच्या बराच खाली थांबून वर कोण येतंय ते बघा. वाट मोकळी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच किंचित अर्धवट, मागच्या ब्रेकवर हलकासा पाय ठेवून, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवून एका दमात निघा. पुढचा ब्रेक हँडल वळलेलं असताना अजिबात दाबू नका. ढग उतरला असेल किंवा पाऊस-वारा जोरात असेल तर शील्डेगकडून किनाऱ्याने जाणारा लांबचा रस्ता आहे. त्यात कमीपणा नाही.

जनावरं अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी असते, कॅटल ग्रिड. ती ओली असली की साबणासारखी. जाळीच्या आधी वेग कमी करा, जाळीवर ना ब्रेक, ना जास्त ॲक्सिलरेटर, गाडी सरळ. जाळी वळणावर असेल तर ती ओलांडेपर्यंत गाडी कलती करायची नाही. जाळी ओलांडली म्हणजे पुढे मेंढ्या मोकळ्या आहेत हेही ओघाने आलंच. एप्रिल-मेमध्ये कोकरू रस्त्याच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला दिसली तर वेग पायी चालण्याएवढा करा. ते कोकरू तुमच्याच पुढच्या चाकासमोरून आईकडे धावणार.

पेट्रोलचे पंप लांब लांब आहेत, लहान गावातले संध्याकाळी बंद होतात, काही ठिकाणी माणूसच नसतो आणि फक्त कार्ड चालतं. टाकी अर्धी झाली की भरा. पंपावर हेल्मेट काढा, नाहीतर काउंटरवरचा माणूस पंप सुरूच करत नाही.

तंबू लावणार असाल तर मिजेस, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चावऱ्या चिलटांची तयारी हवी. मे ते सप्टेंबर, ओलसर, वारा पडलेल्या संध्याकाळी ती ढगासारखी येतात. लोक ओढ्याकाठची निवांत, आडोशाची जागा निवडतात आणि रात्रभर पस्तावतात. उघड्यावर, वारा लागेल अशी जागा घ्या.

पाऊस कुठून आत शिरतो

इथला पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही. चार-पाच तास एकसारखा, थंड, समोरून येतो. वॉटरप्रूफ जॅकेट घेऊनही माणूस भिजतो तो तीन जागांतून: गळा, मनगट आणि मांड्यांमधला सांधा.

मनगटाची चूक सर्वांत साधी. ग्लोव्हजचा लांब कफ जॅकेटच्या बाहीवरून ओढला की बाहीवरून ओघळणारं पाणी थेट ग्लोव्हजमध्ये जमा होतं. बाही ग्लोव्हजवरून घ्या, पाणी बाहेर पडेल. गाडीवर हात उंच आणि कोपर खाली असेल तर उलटं करून बघावं लागतं, पण साधारणपणे पावसात बाही बाहेर. तसंच पॅन्ट बुटांवरून, बुटांत खोचलेली नको. आतून सुती बनियन, सुती मोजे घालू नका. सुताने घाम धरला की अंगातली ऊब जाते. लोकरीचे किंवा सिंथेटिक घाला. गळ्याला कापडी नळी असेल तर ती जॅकेटच्या आत पूर्ण खोचा, बाहेर राहिलेलं टोक वातीसारखं पाणी आत ओढतं.

हेल्मेटची काच आतून धुरकट होणं हा दुसरा छळ. काच थोडी उघडी ठेवणं हा उपाय तासाभरात डोळे गोठवतो. पिनलॉक नावाची आतली दुहेरी फिल्म बसवा. ती बसवल्यावरही धुकं येत असेल तर फिल्मच्या कडेचा सिलिकॉनचा पट्टा काचेला सगळीकडे टेकलेला नाही. काचेवरच्या दोन खिळ्या थोड्या फिरवल्या की फिल्म घट्ट बसते. फिल्म कागदी रुमालाने पुसू नका, लगेच ओरखडे पडतात.

ओल्या रस्त्यावर मॅनहोलची झाकणं, पांढरे पट्टे आणि डांबराच्या भेगा भरलेल्या काळ्या चकचकीत पट्ट्या यांच्यावर ब्रेक नको. गोल चौकात डिझेल सांडलेलं असतं, विशेषतः पेट्रोल पंपानंतरच्या पहिल्या चौकात: काठोकाठ भरलेल्या ट्रकच्या टाकीतून तिथेच उसळतं. हेल्मेटमध्ये डिझेलचा वास आला तर तो चौक गाडी न कलवता, सरळ ठेवून पार करा.

मीठ आणि चेन

ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत गोठणाऱ्या रात्री रस्त्यांवर मीठ-खडी टाकतात. गोठणं थांबलं तरी चांगला मोठा पाऊस होऊन रस्ता धुतला जाईपर्यंत मीठ तिथेच असतं. मार्चमधल्या पहिल्या उन्हाच्या रविवारी गाडी बाहेर काढून ती न धुता ठेवली की दोन आठवड्यांत सायलेन्सरचे नट, रेडिएटर, ब्रेकचे पिस्टन आणि चेन यांच्यावर गंज दिसू लागतो. कोकणात समुद्राकाठी गाडी ठेवणाऱ्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको, फरक इतकाच की इथे मीठ हवेतून येत नाही, चाकाने उडवलेल्या पाण्यातून थेट भागांवर बसतं.

धुताना पहिला हात थंड पाण्याचा. गरम पाण्याने मीठ लवकर विरघळतं खरं, पण त्याच पाण्यासोबत ते सांध्यांत उतरतं आणि उबेत गंजही वेगाने चढतो. मीठ निघून गेल्यावर कोमट पाणी आणि गाडीचाच शाम्पू. भांड्यांच्या साबणात स्वतःचंच मीठ असतं, तो वापरू नका. प्रेशर वॉशरचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर, स्टिअरिंगच्या खालच्या बेअरिंगवर मारू नका, पाणी सील ओलांडून ग्रीसमध्ये जातं. वाळल्यावर एसीएफ-50 सारखं गंजरोधक पातळ फडक्याने पुसून लावा. ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि टायर यांना त्याचा थेंबही लागता कामा नये, म्हणून ब्रेकजवळ स्प्रे करायचाच नाही.

चेन दर 500 मैलांनी आणि प्रत्येक भिजण्यानंतर बघावी. साफ करायला रॉकेल, इथे त्याला पॅराफिन म्हणतात, आणि मऊ ब्रश. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरला की कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात. रिंग गेली की आतलं ग्रीस जातं आणि ते कडं आखडतं. वंगण राइडच्या आधी लावलं तर निम्मं मागच्या चाकावर उडतं. राइडनंतर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत लावा आणि रात्रभर ठेवा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून चेन पुसण्याने दरवर्षी कोणाची ना कोणाची बोटं जातात.

सर्वांत महाग चूक म्हणजे चेन जास्त ताणणं. घरी, रिकाम्या गाडीवर ती ‘छान घट्ट’ वाटते. मग मागे दोन पेट्या, वर एक टॉप बॉक्स आणि डबलसीट बसलं की मागचं चाक वर जातं आणि चेन आणखी ताणली जाते. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग आणि त्याचं सील यानेच जातं. ताण गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच ठेवा; रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना तो 25 ते 40 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा आणि सर्वांत घट्ट जागेवरचं माप धरा. संशय असेल तर थोडी सैल बरी. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा: दात अर्ध्याहून जास्त दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

लांबच्या सफरीपूर्वी मागच्या स्प्रिंगचा प्रीलोडही, म्हणजे ती आधीच किती दाबून ठेवायची ते, वाढवावा लागतो. तो न वाढवता सामान भरलं की गाडीचं नाक वर जातं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत आणि वळणावर पुढचं चाक हलकं. जड वस्तू खाली, पुढे, पेट्यांच्या तळाशी. टॉप बॉक्समध्ये फक्त हलकं सामान. 60-70 मैलांवर हँडल हलकेच डुलू लागलं तर आधी टॉप बॉक्स रिकामा करा, मग हवा तपासा. हवा टायर थंड असताना आणि पुस्तकातल्या ‘डबलसीट व सामान’ या ओळीप्रमाणे. टायरच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली 1 मिलिमीटर आहे, रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात. ओल्या रस्त्यासाठी ती फार कमी; 2 मिलिमीटरवर असताना स्कॉटलंडला निघू नका, वाटेतच संपेल.

हिवाळ्यात उभी राहिलेली गाडी

दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं ही चांगल्या मनाने केलेली वाईट गोष्ट. तेवढ्यात बॅटरीतून स्टार्टरने घेतलेलं परत भरत नाही. इंजिन तापत नसल्याने आत बाष्प साचतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर पांढरी मलई दिसते ती याचीच. सायलेन्सरही आतून गंजतो. सुरू करायचीच तर वीसेक मिनिटं चालवून आणा, नाहीतर हात लावू नका.

बॅटरीला स्वतः चालू-बंद होणारा छोटा चार्जर लावून ठेवा. वसंतात गाडी सुरू होत नसेल तर मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली म्हणजे रिकामी. स्टार्टर दाबताना आकडा 9.5 च्या खाली कोसळला तर चार्ज करूनही उपयोग नाही, बॅटरी बदला. सुरू झाल्यावर इंजिन तीन-चार हजार फेऱ्यांवर नेऊन मोजा: 13.8 ते 14.5 हवं. तो आकडा 13 च्या खाली राहिला तर चार्जिंग होत नाही, 15 च्या पुढे गेला तर रेग्युलेटर गेला आहे आणि तो नवी बॅटरीही उकळवून टाकेल. नवी बॅटरी घेण्याआधी हे मोजणं म्हणजे शंभरेक पौंड वाचवणं.

पेट्रोलचं दुखणं 2021 च्या सप्टेंबरपासूनचं. तेव्हापासून ब्रिटनमध्ये साधं 95 ऑक्टेन पेट्रोल म्हणजे ई10, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पंपावरचं महाग, 97 किंवा जास्त ऑक्टेनचं ई5 भरा, हिवाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ ठेवा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तळाचा स्क्रू ढिला करून काढून टाका. तसं न केलेली गाडी मार्चमध्ये चोकवर सुरू होते, चोक काढला की बंद पडते: स्लो जेट, म्हणजे कमी वेगावर पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तुंबलंय.

आणि कागद: गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये असली तरी ‘सॉर्न’, म्हणजे रस्त्यावर नसल्याची नोंद केली नसेल तर तिचा कर आणि विमा चालू असावाच लागतो. नाहीतर दंडाचं पत्र घरी येतं.

रविवारचे कट्टे आणि गटाच्या राइड

ब्रिटनमध्ये मोटारसायकलवाल्यांचं जग चहाच्या टपऱ्यांभोवती फिरतं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे 1938 चा, 1969 ला बंद पडून 2001 ला पुन्हा उघडलेला. डर्बीशरमध्ये मॅटलॉक बाथ, कर्कबी लाँसडेलचा डेव्हिल्स ब्रिज, वेल्समध्ये हॉर्सशू पासवरचं पाँडेरोसा: रविवारी सकाळी तिथे गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. दुपारी दोनला पोचलात तर लोक परतलेले. निघताना चाक उचलून दाखवण्याचा मोह टाळा. गावकऱ्यांच्या तक्रारी आणि पोलिसांचं लक्ष दोन्ही त्याच क्षणावर असतं.

मेळाव्यांना जमीन गवताची असते. साइड स्टँड दहा मिनिटांत रुततो आणि गाडी शेजारच्या गाडीवर. चेपलेला पत्र्याचा डबा किंवा तळहाताएवढी प्लास्टिकची चकती खिशात ठेवा. वेल्समधली ड्रॅगन रॅली 1962 पासून भर हिवाळ्यात होते. तिथे स्लीपिंग बॅगवर लिहिलेलं ‘लिमिट’ तापमान बघून जाणारे रात्रभर कुडकुडतात. ‘कम्फर्ट’ हा आकडा बघा आणि पाठीखालच्या गादीवर जास्त पैसे खर्च करा, थंडी खालून येते. बॅनबरी रनसारख्या जुन्या गाड्यांच्या कार्यक्रमात 1931 पूर्वीच्याच गाड्या धावतात. बघायला कोणीही जावं.

आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटारसायकल शर्यतीला, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, जायचं असेल तर फेरीबोटीची तिकिटं आधीच्या वर्षीच संपायला लागतात. आधी फेरीबोट, मग राहायची जागा. उलटं करणारे जागेचे पैसे गमावतात. शर्यतीच्या काळात रॅम्सीहून डोंगरावरून येणारा रस्ता सार्वजनिक वाहतुकीलाही एकाच दिशेने ठेवतात. डोंगरावर बहुतेक भागात वेगमर्यादा नाही, गावात मात्र आहे आणि कडक आहे. हे बेट युनायटेड किंगडमचा भाग नाही, म्हणून गाडी बंद पडल्यास उचलून आणण्याची सेवा तिथे लागू आहे का ते आधीच विचारा. फेरीबोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर. पट्टा सीटवरून जात असेल तर खाली ग्लोव्हज किंवा फडकं.

गटाच्या राइडला बहुतेक क्लब ‘मार्कर’ पद्धत वापरतात. म्होरक्या वळला की त्याच्या मागचा दुसरा गडी त्या वळणावर थांबतो आणि बाकीच्यांना वाट दाखवतो. सर्वांत मागे एक ठरलेला गडी असतो. तो दिसला की मार्कर त्याच्या पुढे निघतो. ही पद्धत मोडते ती एकाच कारणाने: मार्करला वाटतं सगळे गेले, कंटाळा येतो आणि तो निघतो. मागचे सगळे सरळ पुढे. शेवटचा गडी दिसेपर्यंत अर्धा तास लागला तरी हलायचं नाही, एवढं एकच पाळलं तर पंचवीस जणांचा गट फोनशिवाय वेल्स पार करतो. थांबताना मात्र वळणाच्या आत किंवा चौकाच्या तोंडावर थांबू नका, येणाऱ्याला दुरून दिसेल आणि तुमच्यावर कोणी आदळणार नाही अशी जागा बघा. राइडला टाकी भरून आणि लघवी करून यायचं. पहिल्या दहा मैलांत पंप शोधणारा सगळ्यांचा वेळ खातो.

पंक्चर आणि मदत

ट्यूबलेसच्या किटमधल्या भोक बुजवणाऱ्या काड्या बसवणं सोपं, पण गॅसच्या छोट्या नळकांड्या कमी पडतात. मागच्या रुंद टायरला एक नळकांडं जेमतेम हलवतं. तीन-चार तरी हवीत किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप. रॉयल एनफिल्ड आणि इतर तारांच्या चाकाच्या बऱ्याच गाड्यांत ट्यूब असते, तिथे काडी निरुपयोगी. मग दोन टायर लीव्हर, जादा ट्यूब आणि मागचं चाक काढायला लागणारा मोठा पाना सोबत हवा. गाडीसोबत आलेल्या पिशवीत तो असेलच असं नाही. घरी एकदा चाक काढून बघा, नट हाताने सुटतो का ते तिथेच कळेल.

हायलँड्समध्ये मैलोन्‌मैल फोनला रेंज नसते, आणि जिथे असते तिथे बोलण्याइतकी नसते, मेसेजपुरती असते. 999 ला मेसेज करून मदत मागता येते, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून 999 ला पाठवा, उत्तर आलं की ‘येस’ पाठवा. हे निघण्यापूर्वी घरी, चांगली रेंज असताना करून ठेवायचं, गटातल्या प्रत्येकाने आपापल्या फोनवर.